जुन्या लॅपटॉपवर एचडी व्हिडिओ अडखळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात दहाएक वर्षं जुना, पण बाकी ठणठणीत लॅपटॉप आहे. मेल पाहता येतात, लाइट बिल भरलं जातं, एक्सेलही चालतं. फक्त व्हिडिओ लावला की चित्र झटके खातं. पुण्यात अशा वेळी पहिला सल्ला मिळतो "एसएसडी टाकून घे" (म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान डिस्क) आणि दुसरा "नवीनच घे ना आता". दोन्हीत खिशाला चाट बसते आणि पहिल्या सल्ल्याने व्हिडिओ सुधारतोच असंही नाही. म्हणून पैसे काढायच्या आधी हे वाचा.

दोष इंटरनेटचा की लॅपटॉपचा, हे कसं ओळखायचं?

कान द्या. आवाज सलग येतोय आणि चित्र मात्र अडखळतंय, तर दोष बहुतेक लॅपटॉपकडे. आवाजासकट सगळं थांबून मधे गोल चक्र फिरायला लागलं, तर इंटरनेट.

खात्री करायची असेल तर यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोपऱ्यात काळी चौकट उघडते. तीत आकड्यांचं जंगल असतं, पण आपल्याला तीनच ओळी हव्यात. 'बफर हेल्थ' म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच उतरवून ठेवलेत ते. 'ड्रॉप्ड' म्हणजे वेळेत तयार न झाल्यामुळे न दाखवताच टाकून दिलेली चित्रं. आणि 'कोडेक्स', ज्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. बफर वीस-तीस सेकंदांचं भरलेलं आहे आणि तरी ड्रॉप्डचा आकडा भराभर चढतोय, तर इंटरनेटवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याने त्याचं काम केलंय.

माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, तरी चक्र फिरतं. का?

१०८०पीसाठी (म्हणजे १०८० ओळींच्या चित्रासाठी) यूट्यूब साधारण ५ एमबीपीएस पुरेसे मानतं, ७२०पीसाठी २.५. म्हणजे प्लॅन कमी पडत नाही, राउटर ते लॅपटॉप हे अंतर नडतं. जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. कोथरूड-सिंहगड रोडच्या एखाद्या सोसायटीत लॅपटॉप उघडून नेटवर्कची यादी पाहा, वरच्या-खालच्या मजल्यांवरची नावं संपता संपत नाहीत. त्या सगळ्यांची त्याच पट्ट्यात गर्दी. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यातला कमी गर्दीचा निवडा. त्याआधी राउटरपासून लॅनची केबल लावून एकदा पाहा. केबलवर नीट चाललं तर निदान झालं.

याच लॅपटॉपवर पूर्वी १०८०पी मस्त चालायचं. आता काय बिघडलं?

लॅपटॉप होता तसाच आहे, व्हिडिओ बदलले.

व्हिडिओ साठवताना आणि पाठवताना दाबून लहान केलेला असतो. दाबायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ ही पद्धत २००३ची. एचईव्हीसी आणि व्हीपी९ २०१३च्या, एव्ही१ २०१८ची. प्रत्येक नवी पद्धत तेवढंच चित्र कमी डेटात बसवते, म्हणून यूट्यूबसारख्यांना ती हवीच असते. पण जितकं घट्ट दाबलं, तितकी उलगडायला मेहनत जास्त. शिवाय तीसच्या जागी सेकंदाला साठ चित्रांचे व्हिडिओ आता सर्रास झालेत. तिसाच्या वेगात प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात, साठाच्या वेगात १७सुद्धा नाहीत.

ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी एक स्वतंत्र भाग असतो. त्याला ओळखीचा कोडेक मिळाला, तर तो फारशी वीज न खाता, पंखा न फिरवता काम उरकतो. अनोळखी कोडेक आला की तो बाजूला होतो आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. झटके तिथे सुरू होतात. या पानावरचे निम्मे उपाय एवढ्यासाठीच आहेत की त्या भागाला त्याच्या ओळखीचं काम मिळावं.

माझ्या प्रोसेसरला काय झेपतं?

इंटेलच्या कोअर आय मालिकेत नंबर पाहा. आय५-३२१०एम मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी, आय५-७२००यू मधला ७ म्हणजे सातवी. पाचव्या पिढीपर्यंत भरवसा फक्त एच.२६४चा धरा. दुसऱ्या पिढीत तो भाग आहे, पण आजचा ब्राउझर तो वापरेलच असं नाही. सहाव्या पिढीत (२०१५) ८-बिट एचईव्हीसी आलं. सातवीत १०-बिट (म्हणजे जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी आणि व्हीपी९ पूर्ण आलं. यूट्यूबसाठी हा मोठा फरक आहे. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एएमडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ग्राफिक्स आत असलेल्या लॅपटॉपच्या रायझनमध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही चालतात, त्याआधीच्यांत व्हीपी९ची आशा ठेवू नये.

प्रत्यक्ष काय चाललंय ते टास्क मॅनेजर सांगतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (ग्राफिक्स चिपवर) जा, 'व्हिडिओ डीकोड' हा आलेख शोधा. व्हिडिओ चालू असून तो आलेख जमिनीला चिकटलेला आणि सीपीयू (मुख्य प्रोसेसर) नव्वद टक्क्यांच्या वर, तर सगळं ओझं प्रोसेसर वाहतोय.

यूट्यूबला जुना कोडेक द्यायला लावता येतं का?

येतं, आणि फुकटात होणारा सगळ्यात मोठा फरक हाच. 'स्टॅट्स फॉर नर्ड्स'मध्ये कोडेक्ससमोर एव्ही०१, व्हीपी०९ किंवा एव्हीसी१ यांपैकी काहीतरी दिसेल. शेवटचं म्हणजे एच.२६४, आपलं घोडं तेच.

फायरफॉक्समध्ये 'एन्हान्स्ड-एच२६४आयफाय' नावाचं एक्स्टेन्शन मिळतं. ते यूट्यूबला सांगतं की या यंत्राला नवे कोडेक कळत नाहीत, मग यूट्यूब निमूटपणे एच.२६४ पाठवतं. त्यातच सेकंदाला ६० चित्रांचे, म्हणजे ६० फ्रेम्सचे व्हिडिओ रोखायचा पर्याय आहे, तोही चालू करा. मर्यादा एक: एच.२६४मध्ये यूट्यूब १०८०पीच्या वर जात नाही. जुन्या लॅपटॉपला त्याच्या वर जायचंच नसतं.

एक्स्टेन्शन नको असेल तर यूट्यूब खात्याच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१चा पर्याय आहे. तिथे 'ऑल्वेज प्रेफर' असेल तर काढून टाका.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर ॲक्सलरेशन' (चिपमधल्या त्या भागाला काम देणारी सोय) चालू आहे ना, हे मात्र आधी पाहा. कधीतरी स्क्रीन लुकलुकली म्हणून कुणीतरी ते बंद करून ठेवतं आणि पुढची काही वर्षं ते तसंच राहतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसतंय. चालेल?

नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅमच नाही असा त्याचा अर्थ. विंडोज नव्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपमध्ये हे फार आढळतं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर उतरवा. तोवर बाकी काही करून उपयोग नाही.

क्लासचं लेक्चर दुप्पट वेगाने लावलं की अडकतं, एरवी नाही. असं का?

सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून हा प्रश्न सतत येतो. स्पर्धा परीक्षेचं लेक्चर साध्या वेगात ऐकणारा विद्यार्थी आता दुर्मीळच.

दुप्पट वेग म्हणजे सेकंदाला दुप्पट चित्रं उलगडायची. ३० फ्रेम्सचा व्हिडिओ ६०चा होतो, ६०चा १२०चा. स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच ताजी होते, म्हणजे १२०पैकी निम्मी चित्रं दिसणारच नाहीत. पण एक चित्र आधीच्या चित्राच्या आधाराने बनत असल्यामुळे न दिसणारी बरीचशीही उलगडावीच लागतात. फळा आणि शिक्षक पाहायला ४८०पी पुरतं. खडूचं बारीक अक्षर असेल तर ७२०पी. दुप्पट वेगात १०८०पी६०चा हट्ट जुन्या लॅपटॉपशी करू नका.

मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला की नुसता स्लाइड-शो होतो.

गणपतीनंतर या तक्रारीला ऊत येतो. लक्ष्मी रोडवर पथकाचं वादन कुणीतरी नव्या फोनवर ४के, ६० फ्रेम्समध्ये टिपलेलं असतं. ताशाची काडी दिसेनाशी होईल इतकी वेगात, मागे गुलाल उडतोय, शंभर हात एकदम वर-खाली. व्हिडिओ दाबणाऱ्या कोडेकला याच्याइतकं अवघड चित्र दुसरं नाही, कारण एका फ्रेममधलं पुढच्या फ्रेममध्ये जवळपास काहीच तसंच राहत नाही. वर फाइल एचईव्हीसीमध्ये. चौथ्या पिढीच्या आय३ने हात टेकले तर त्याला नावं ठेवू नका.

गंमत म्हणजे तोच व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आला की सुरळीत चालतो. व्हॉट्सॲप पाठवताना तो लहान करून एच.२६४मध्ये बदलतं. चालतो, पण चेहरे पुसट होतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी येते: सुबक आणि अडखळणारी.

मधला मार्ग हँडब्रेक. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात ओढा, प्रीसेटमध्ये 'फास्ट ७२०पी३०' निवडा आणि स्टार्ट. येणारी एमपी४ फाइल एच.२६४मध्ये असते. जुन्या लॅपटॉपवर हे काम कूर्मगतीने होतं, कारण रूपांतर करायलाही आधी मूळ फाइल उलगडावीच लागते. रात्री लावून झोपा, किंवा भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर करून आणा. मूळ फाइल मात्र पुसू नका. लॅपटॉप उद्या बदलेल, मिरवणूक परत तशी निघणार नाही.

पुढच्या वेळी फोनमध्येच बदल करून ठेवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं आणि १०८०पी३० ठेवलं की फाइल एच.२६४मध्ये येते. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांतही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असाच पर्याय असतो.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पैसे देऊन एचईव्हीसी एक्स्टेन्शन घेऊ का?

ते घेतल्याने न उघडणारी फाइल विंडोजच्या प्लेअरमध्ये उघडेल. चिपमध्ये सोय नसेल तर अडखळायची ती अडखळेलच. व्हीएलसी हा मोफत प्लेअर तीच फाइल फुकटात उघडतो.

व्हीएलसीमध्ये काय बदलायचं?

टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स. तिथे 'हार्डवेअर-ॲक्सलरेटेड डीकोडिंग' ऑटोमॅटिकवर ठेवा. फाइल एच.२६४ असून अगदीच थोडक्यात कमी पडत असेल, तर त्याच पानावर 'स्किप द लूप फिल्टर' याला 'ऑल' करा. चित्रात चौकोन थोडे जाणवतील, पण प्रोसेसरचं बरंच काम वाचतं. कोर २ ड्युओच्या काळातल्या यंत्रांना हा बदल अक्षरशः तारतो.

कंट्रोल-जे दाबलं की चालू फाइलचा कोडेक दिसतो. तिथे एच.२६४ लिहिलेलं असूनही भार प्रोसेसरवरच येत असेल, तर फाइल १०-बिट आहे का ते पाहा. जुन्या कुठल्याच ग्राफिक्स चिपला १०-बिट एच.२६४ पचत नाही.

एमपीव्ही आणि एमपीसी-एचसी हे दोन प्लेअर जुन्या यंत्रावर व्हीएलसीपेक्षा हलके वाटतात. माझं मत एमपीव्हीला, पण त्याला बटणं जवळपास नाहीत. आईबाबांच्या लॅपटॉपवर व्हीएलसीच ठेवा.

जुन्या नाटकाची डीव्हीडी लावली की पात्र हललं की कडांना रेघा येतात. हाही जुन्या लॅपटॉपचा दोष?

नाही. टीव्हीसाठी केलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एका फ्रेममध्ये दोन क्षण ओळीआड गुंफलेले असतात: विषम ओळी एका क्षणाच्या, सम ओळी पुढच्या. पात्र हललं की दोन्ही जुळत नाहीत आणि कडेला कंगव्याचे दात दिसतात. डीव्हीडीत आणि टीव्हीवरून उतरवलेल्या फायलींत हे हमखास असतं. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत 'डीइंटरलेस' ऑन करा आणि मोडमध्ये 'यादिफ' घ्या. जड वाटलं तर 'ब्लेंड'. ७२० बाय ५७६च्या चित्राला दहा वर्षांपूर्वीचा कुठलाही लॅपटॉप पुरून उरतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालतं, मग झटके सुरू होतात.

तापतोय. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग खाली आणतो. एप्रिलमधली पुण्याची दुपार, गादीवर ठेवलेला लॅपटॉप आणि खालची जाळी चादरीने झाकलेली, म्हणजे आमंत्रणच.

मागचं झाकण उघडलं की पंखा दिसतो. पंख्याच्या तोंडाशी पातळ पत्र्यांची ओळ असते, तांब्याची नळी उष्णता तिथे आणून सोडते. धूळ पत्र्यांच्या बाहेरच्या बाजूला नसते. ती पंखा आणि पत्रे यांच्या मधे दाबून बसलेली असते, कधीकधी चिमटीने सोललेल्या पट्टीसारखी अखंड निघते. बाहेरून ब्लोअर मारला तर तीच धूळ आत ढकलली जाते. पंखा सुटा करून ती काढावी. हवा मारताना पात्यात टूथपिक अडकवून पंखा धरून ठेवा, भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. पाच-सात वर्षांत थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारा लेप) बदलली नसेल तर तीही वाळून खडखडीत झालेली असते. स्वतः उघडायची भीती वाटत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे 'सर्व्हिसिंग आणि पेस्ट' एवढंच सांगा, ते काम फार खर्चाचं नाही.

चार्जर बदलल्यापासून सगळंच संथ झालंय. माझा भास आहे का?

भास नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉपना चार्जर ओळखता आला नाही, तर ते प्रोसेसरचा वेग मुद्दाम तळाला ठेवतात. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवर जाऊन 'स्पीड' पाहा. व्हिडिओ चालू असताना आकडा ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसलेला दिसला, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आकडा वर उसळला तर चोर सापडला. तपकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) चार्जर घ्यायला हरकत नाही, पण लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच हा आकडा पाहून मगच पैसे द्या.

गुरुवारी लाइट गेले की व्हिडिओ अडकतो.

देखभालीसाठी वीज बंद, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर, आणि बॅटरीवर विंडोज हात आखडता घेतं. बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करून पट्टी 'बेस्ट परफॉर्मन्स'कडे सरकवा, बॅटरी सेव्हर बंद करा. आणि ७२०पी लावा.

एसएसडी टाकू की रॅम वाढवू?

व्हिडिओसाठी एसएसडी नको. ब्लू-रे दर्जाचा १०८०पी व्हिडिओसुद्धा सेकंदाला पाचेक एमबी मागतो, जुनी हार्ड डिस्क त्याच्या कितीतरी पट देते. एसएसडीने लॅपटॉप चटकन सुरू होईल, ब्राउझर पटकन उघडेल, आणि तेवढ्यासाठी ती जरूर घ्या. झटके मात्र तसेच राहतील.

रॅमचं थोडं वेगळं. ग्राफिक्स चिप वेगळी नसेल तर ती मुख्य रॅमच वापरते. रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरी खाच रिकामी, तर त्याच मापाची दुसरी पट्टी टाकल्यावर डेटाची वाट दुप्पट रुंद होते. ४ जीबीवर ब्राउझर चालवणाऱ्यांनी तर हे आधी करावं.

स्क्रीन १३६६ बाय ७६८ आहे. १०८०पी लावू की ७२०पी?

७२०पी. स्क्रीनवर साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके आहेत, १०८०पीच्या चित्रात वीस लाखांहून जास्त. निम्मं चित्र उलगडून फेकायचंच आहे. यूट्यूबवर १०८०पी किंचित जास्त रेखीव दिसतं हे खरं, कारण त्याला डेटा जास्त मिळतो. पण झटक्यांच्या बदल्यात तो सौदा परवडत नाही.

टीव्हीला जोडल्यावर कॅमेरा आडवा फिरला की बारीक थरथर दिसते. ड्रॉप्ड मात्र शून्य.

लॅपटॉप निर्दोष आहे. आपल्याकडच्या टीव्हीच्या कार्यक्रमांत सेकंदाला २५ चित्रं असतात आणि एचडीएमआयवर लॅपटॉप ६० वेळा चित्र पाठवतो. ६० भागिले २५ म्हणजे २.४. मग काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि डोळ्याला ती विषमता जाणवते. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ मिळत असेल तर तो लावा, थरथर जाते. आणि 'डुप्लिकेट'ऐवजी 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, दोन पडदे रंगवायचा भार कशाला.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. लिनक्स टाकलं तर व्हिडिओ सुधारेल?

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, पण बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी टाकायची मोफत सिस्टीम) जुन्या यंत्रावर हलकं चालतं. व्हिडिओ मात्र आपोआप सुधारत नाही, चिपमधला तो भाग तिथेही जागा करावा लागतो. पाचव्या पिढीच्या आधीच्या इंटेलला 'आय९६५' हा व्हिडिओ उलगडण्याचा (व्हीए-एपीआय) ड्रायव्हर लागतो, पाचवी आणि नंतरच्यांना 'इंटेल-मीडिया'. तो बसवून टर्मिनलमध्ये व्हीए-इन्फो (vainfo) ही आज्ञा चालवली की चिपला कोणते कोडेक येतात त्यांची यादीच मिळते. ओटीटीचं नियमित पाहणाऱ्यांनी लिनक्सवर जाताना विचार करावा. कॉपी-संरक्षणामुळे अनेक सेवा तिथे कमी रेझोल्यूशन देतात, लॅपटॉप कितीही तगडा असला तरी.

सगळं केलं. १०८०पी अजून नीट चालत नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेताना काय सांगू?

"स्लो झालाय" असं सांगू नका, त्यावर उत्तर ठरलेलं असतं. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, अडखळणाऱ्या व्हिडिओचा कोडेक, ड्रॉप्डचा आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा सीपीयूचा वेग, हे कागदावर लिहून न्या. वेग सुरुवातीला चांगला आणि नंतर पडलेला असेल तर साफसफाई आणि पेस्ट करून घ्या. वेग शेवटपर्यंत टिकलेला असेल, चिप पाचव्या पिढीच्या आतली असेल आणि तुम्हाला एचईव्हीसीच पाहायचं असेल, तर लॅपटॉपवर एक रुपयाही घालू नका. टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, तिच्यात एचईव्हीसी उलगडणारी चिप असते. घेताना खोक्यावर कोडेकची नावं वाचा. लॅपटॉप मेल आणि एक्सेलसाठी राहू द्या.

काही भाग बदललाच तर जुना भाग परत मागून घ्या, आणि लॅपटॉप देण्याआधी फोटोंचा बॅकअप.